टॅनरच्या खानावळीतली मतदानाची घंटा

मित्रांनो, खानावळवाल्या टॅनर नवराबायकोला ज्या वर्षी लेक झाली, त्याच वर्षी मला या भिंतीवर ठोकले. लेकीचे नाव ईनिड. तिचा पाळणा स्वयंपाकघराच्या दाराशी असे. मी पहिल्यांदा वाजले तेव्हा ती इतकी दचकून रडली, की तिची आई लाटणे उगारून माझ्याकडे धावली. आज ईनिडचे केस पांढरे आहेत, गुडघे दुखतात, आणि मी कितीही वाजले तरी ती मान वर करत नाही. यावरून माझे वय तुम्हीच ओळखा.

मी एक जुनी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. माझ्याजवळ दोरी नाही, मला कोणी हाताने वाजवत नाही. पितळेची एक वाटी, तिच्यावर आपटणारी बोटाएवढी हातोडी आणि भिंतीतून गेलेली एक तार, एवढाच माझा संसार. त्या तारेचे दुसरे टोक रस्त्यापलीकडे, लंडनच्या पार्लमेंटात आहे. तिथे मत द्यायची वेळ झाली की इथे मी वाजते.

बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. तिथे एक बाई प्रत्येक नव्या घंटेला कान लावून तपासत असे. माझा आवाज ऐकून ती शेजारणीला म्हणाली, "ही अगदी माझ्या सासूसारखी आहे गं. हिच्या समोर कुणाला निवांत बसता यायचं नाही." मला तेव्हा ते कौतुकच वाटले. पुढे कळले, की ते माझे भविष्य होते.

तुम्ही वर्गात हात वर करून मत देता. या लोकांची रीत वेगळी आहे. 'हो' म्हणणाऱ्यांनी एका दालनातून चालत जायचे, 'नाही' म्हणणाऱ्यांनी दुसऱ्या. जाणाऱ्यांची माणसागणिक मोजणी होते. मी वाजू लागले की आठ मिनिटांनी त्या दालनांची दारे बंद होतात. मग बाहेर कोणी राहिला तर राहिला. तो खासदार असो, नाहीतर मंत्री असो, त्याचे मत गेले. ताप असला, पाय मोडला, घरी कोणी आजारी असले, तरी मत द्यायचे तर स्वतः तिथे चालत जायचे.

म्हणून मी वाजले की टॅनरच्या खानावळीत धांदल उडे. खुर्च्या सरकत, रुमाल पडत, कोणी तोंडातला घास तसाच घेऊन रस्त्यावर पळे. सगळे गेले की वाढपी प्रत्येक ताटलीवर दुसरी ताटली पालथी घाली. मटण, बटाटे, वाटाण्याचे सूप असे सगळे झाकून ठेवायचे आणि माणसे परतली की पुन्हा उघडायचे. या खानावळीत पदार्थ दोनदा वाढला जातो, अशी तिची ख्यातीच होती.

तरुणपणी माझा मान होता. वाट पाहणारे लोक वर माझ्याकडे बघत. एकदा एक जाडे गृहस्थ शेवटच्या क्षणी पोचले आणि परत आल्यावर त्यांनी माझ्या वाटीचा मुका घेतला. पुढे भिंत रंगवताना रंगाऱ्याने मलाही हिरव्या रंगात माखले. माझा आवाज घोगरा झाला. तो रंग कोणी खरवडला नाही. वर स्वयंपाकाच्या वाफेचा चिकटा बसला. मग खिशाखिशात फोन आले आणि ते माझ्या आधीच गुरगुरू लागले. तरी तार तुटली नाही, म्हणून मी वाजत राहिले.

आता मला ज्या दोघांविषयी सांगायचे आहे, ते माझ्या बरोबर खालच्या टेबलावर बसत. एक ग्विलिम प्रॉसर. वेल्समधल्या डोंगराळ खोऱ्यातले, पूर्वी खाणीत काम केलेल्या घरातले. दुसरे लेनर्ड थ्रॉस्बी. लिंकनशायरच्या सपाट मुलखातले, जिथे नजर पोचेपर्यंत कोबी लावलेली असते. दोघे एकमेकांविरुद्धच्या पक्षांत होते. सभागृहात ते एकमेकांवर गरजत आणि इथे येऊन एकाच ताटलीतले लोणचे खात.

"सन्माननीय सदस्यांनी आता मिठाची बाटली सोडावी," ग्विलिम म्हणत.

"सन्माननीय सदस्यांना डॉक्टरनं मीठ बंद केलंय, हे सभागृहाला माहीत आहे," थ्रॉस्बी उत्तर देत आणि बाटली आणखी लांब ठेवत.

हे दोघे जोडीदार होते. ही जोडी म्हणजे काय, ते नीट ऐका. एका पक्षाच्या माणसाला काही अडचण आली आणि मताला येता आले नाही, तर दुसऱ्या पक्षाच्या एकाने आपणहून मत द्यायचे नाही. इकडचे एक मत कमी, तिकडचे एक कमी, म्हणजे तराजू सारखा. आपापल्या पक्षाच्या प्रतोदाला तसे सांगायचे. प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाची माणसे हाकून मताला नेणारा गुराखी. याचा कायदा नाही, करारपत्र नाही. दोघांनी हात मिळवला की झाले. त्या पार्लमेंटाचा कारभार किती जुना आहे मला ठाऊक नाही, पण त्यातले निम्मे अशा हात मिळवण्यावर चालते.

जोडी लागली की मागे राहिलेला इथे माझ्याखाली स्वस्थ जेवत बसे. मी वाजे, सगळी खानावळ रिकामी होई, आणि तो एकटा निवांतपणे पुडिंगवर कस्टर्ड ओतून घेई. ग्विलिमची बायको नेस्टा हिला ही रीत फार आवडे. चहात मनुका भिजवून ती एक गोड पाव भाजत असे. ग्विलिम घरून आले की त्यातला अर्धा थ्रॉस्बींसाठी येई. "तुम्ही बसून राहता म्हणून आमचा माणूस घरी येतो," असा तिचा निरोप असे.

वर्षे अशी गेली. मग या देशाने लोकांना विचारले, की युरोपच्या व्यापारसंघात राहायचे की बाहेर पडायचे? लोकांनी थोड्या फरकाने सांगितले, बाहेर पडायचे. मित्रांनो, बाहेर पडायचे ठरले, पण कोणत्या दाराने, कधी आणि कोणते सामान घेऊन, ते काही ठरेना. करार करून जायचे? नाही. करार न करता जायचे? तेही नाही. मग राहायचे? तेही नाही. प्रत्येक 'नाही'साठी मी वाजत होते. दुपारी वाजत होते, संध्याकाळी वाजत होते. माणसे पळत जात आणि पाय ओढत परत येत. येताना त्यांच्या चेहऱ्यावर काही ठरल्याची खूण नसे.

आमचा वाढपी अदेलिनो मदेइरा बेटावरचा, पोर्तुगालचा माणूस. अर्धे आयुष्य त्याने याच खानावळीत काढले होते. बाहेर पडायच्या या भानगडीत त्याच्यासारख्यांचे काय होणार, हेही लटकलेलेच होते. तो ताटल्या झाकता झाकता म्हणे, "माझी एक आत्या होती. निघते निघते म्हणत दारात उभी राहायची. ना आत येई, ना बाहेर जाई. वारा मात्र सगळ्या घरात शिरायचा."

"मग काय केलंत तिचं?" ईनिड विचारी.

"काय करणार? आम्ही सगळे कोट घालून जेवायचो."

त्याच हिवाळ्यात नेस्टा आजारी पडली. आधी पाठ दुखत होती, मग कळले की आजार हाडात उतरला आहे. ग्विलिम दर आठवड्याला गाडीने घरी जात आणि मताची हाक आली की परत येत. त्यांचे वजन उतरले. कोट खांद्यावरून घसरू लागला. जानेवारीत एके दुपारी नेस्टाला इस्पितळात न्यायचे होते आणि त्याच दिवशी मोठे मतदान होते. थ्रॉस्बींनी टेबलावरून हात पुढे केला.

"जा तू. मी इथून हलत नाही."

"तुझे लोक तुला सोडतील?"

"माझे लोक गेले कोबीच्या शेतात. नेस्टाला सांग, पाव नको, बरी हो म्हणावं."

ग्विलिमनी हात दाबला आणि ते गेले.

त्या दिवशी थ्रॉस्बी एकटेच माझ्याखाली जेवत होते. मी वाजले. खानावळ ओस पडली. त्यांनी बटाट्यात काटा खुपसला तोच दार उघडून हॅडोबाई आत आल्या. त्या थ्रॉस्बींच्या पक्षाच्या प्रतोद. उंच, किडकिडीत, आणि धावल्यामुळे धापा टाकत होत्या.

"उठा, लेनर्ड."

"माझी जोडी आहे. तुम्हाला सांगितलंय मी."

"आज जोड्याबिड्या काही नाहीत. आपण एका मतानं पडू."

"त्याची बायको इस्पितळात आहे, बाई."

"मला वाईट वाटतं. खरंच वाटतं. पण तुम्ही तिकडे गावोगाव फिरून काय सांगितलंत? देशाला युरोपातून बाहेर काढीन म्हणालात ना? तो शब्द कुणाला दिला होता? ते लोक तुम्हाला बाजारात धरून विचारतात, तुम्हीच मला सांगितलंत."

ते खरे होते. गेल्याच आठवड्यात त्यांच्या गावच्या एका म्हातारीने भर बाजारात त्यांच्या अंगावर थुंकून म्हटले होते, "इतकी वर्षं झाली, दाराची कडी काढता येईना होय रे तुम्हाला?"

"बाई, मी हात दिलाय त्याला."

"हात परत घ्या. उद्या माफी मागा. आज चला."

मी वाजत होते. मला थांबता येत नाही, मित्रांनो. मला वाजवणारा जोवर तार सोडत नाही, तोवर मी वाजणारच. थ्रॉस्बींनी एकदा वर माझ्याकडे पाहिले. मग काटा बटाट्यातच सोडून ते उठले. अदेलिनोने सवयीने त्यांच्या ताटलीवर ताटली पालथी घातली.

परत आले तेव्हा ईनिडने विचारले, "जिंकलात?"

"तीन मतांनी."

"म्हणजे तुम्ही नसता गेलात तरी..."

"हो," थ्रॉस्बी म्हणाले. त्यांनी ताटली उघडली नाही.

पुढच्या पंधरवड्यात तो निर्णयही उलटला. आज कोणाला विचारले की त्या दिवशी नेमके काय जिंकले होते, तर सांगता येत नाही. मला तर नाहीच नाही.

ग्विलिमना इस्पितळाच्या व्हरांड्यात फोनवरून ही बातमी कळली. ते परत आले ते दुसऱ्या टेबलावर बसले, खिडकीशी. थ्रॉस्बी उठून तिकडे गेले.

"चुकलो मी, ग्विलिम."

"चूक म्हणजे साखरेऐवजी मीठ पडणं. तू खुर्चीवरून उठलास, रस्ता ओलांडलास, दालनात शिरलास. वाटेत परत फिरायला किती जागा होती."

"मला तिकडे गावात तोंड दाखवता येत नाही रे."

"मग इकडे दाखवता येईल असं वाटलं तुला?"

अदेलिनो सूप घेऊन मध्ये उभा होता. "साहेब," तो म्हणाला, "मला या देशात राहायचं की जायचं, ते तुम्ही दोघं ठरवेपर्यंत हे गार होईल." कोणी हसले नाही. एरवी हसले असते.

मार्च आला. बाहेर पडायची ठरलेली तारीख तोंडावर आली आणि काहीच ठरले नव्हते. त्या आठवड्यात लागोपाठ तीन दिवस मी वाजले. पहिल्या दिवशी सभागृह कराराला नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी, करार न करता जाण्याला नाही म्हणाले. तिसऱ्या दिवशी युरोपकडे आणखी वेळ मागायचा की नाही, यावर मते होती. एकेक मत सोन्याच्या तोलाचे झाले होते. ग्विलिमच्या खोऱ्यात मोटारींचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना होता. करार न करता देश बाहेर पडला तर तो बंद पडेल, असे तिथे सगळे म्हणत. निम्म्या घरांची चूल त्याच्यावर पेटत होती. नेस्टाचा भाऊही तिथेच कामाला.

नेस्टाला आता घरी आणले होते. डॉक्टरांकडे करण्यासारखे काही उरले नव्हते. लेक लोवरी तिच्या उशाशी होती.

गुरुवारी दुपारी ग्विलिम खानावळीत आले आणि आल्या आल्या त्यांचा फोन वाजला. लोवरी बोलत होती. तिचा आवाज माझ्यापर्यंत आला.

"बाबा, लगेच निघा. आई तुम्हाला विचारतेय."

"मतं व्हायची आहेत गं. पहिलं झालं की..."

"बाबा, ती पाणीसुद्धा घेत नाहीये."

फोन ठेवून ते उभेच राहिले. थ्रॉस्बी आपल्या जागेवरून, माझ्याखालून बोलले.

"जा, ग्विलिम. गाडी पकड. मी बसतो इथं."

"मागच्या खेपेलाही तू बसलाच होतास."

"या खेपेला मला खुर्चीला बांधून जा. अदेलिनो, दोरी आण रे!"

"थट्टा नको."

"मी थट्टा करत नाहीये." थ्रॉस्बींनी खुर्ची टेबलाशी आणखी ओढली. "हॅडोबाई आल्या, त्यांच्याबरोबर सगळं मंत्रिमंडळ आलं, तरी मी उठणार नाही. तू आज घरी जा. मला पुढं कधी तुझ्याशी बोलायलाही नको, पण तू जा."

ईनिड गल्ला सोडून बाहेर आली. "अहो प्रॉसर, ऐका त्यांचं. कारखाने काय, बंद पडतात, दुसरे निघतात. नेस्टा काय थांबणार आहे का?"

ग्विलिमनी थ्रॉस्बींकडे बराच वेळ पाहिले. मला वाटले, हे आता हात पुढे करतील. मित्रांनो, मला जन्मात कधी काही हवेसे वाटले असेल, तर ते त्या क्षणी, की मी वाजू नये. यांना आणखी थोडा विचार करू द्यावा.

मी वाजले.

"एकच मत," ग्विलिम पुटपुटले, "एवढं देतो आणि तिथूनच स्टेशनवर जातो." आणि ते गेले. कोट खुर्चीवरच राहिला.

एकच मत नव्हते. एका प्रस्तावाला दुरुस्ती सुचवलेली, त्या दुरुस्तीला आणखी दुरुस्ती. एक संपून माणसे बसतात तोच मी पुन्हा वाजे. फरक दोन मतांचा, असे रस्त्यावरून कोणी ओरडत गेले. एवढा कमी फरक असताना मध्येच कोण निघेल? अदेलिनो ग्विलिमचा कोट हातावर घेऊन दारात उभा राहिला होता. ते पळत आले तर त्यांचा वेळ जाऊ नये म्हणून.

थ्रॉस्बी मात्र बसून होते. पहिल्या घंटेला बसून, दुसऱ्या घंटेला बसून. हॅडोबाई आल्या. त्या काय म्हणाल्या ते सांगत बसत नाही, पक्षातून काढण्याची भाषा झाली. थ्रॉस्बी म्हणाले, "बाई, माझी जोडी आहे."

"कुणाशी? तो तर आत मत देतोय! मी डोळ्यांनी पाहिला."

"असेल. माझी आहे."

हॅडोबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा एकदम थकलेला दिसला. त्या शेजारच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकून क्षणभर उभ्या राहिल्या आणि एकट्याच परत गेल्या.

शेवटचे मत झाले. मी थांबले. ग्विलिम रस्ता ओलांडून आले ते पळत नव्हते, चालत होते. फोन त्यांच्या हातात होता. अदेलिनोने कोट पुढे धरला. त्यांनी एक हात बाहीत घातला, दुसरा घालता येईना. तेव्हा थ्रॉस्बी उठले. त्या दिवशी ते पहिल्यांदाच उठले. त्यांनी दुसरी बाही धरली.

"तू गेला नाहीस?" ग्विलिमनी विचारले.

"नाही."

"एकदाही?"

"नाही."

बाहेर अदेलिनोने टॅक्सी थांबवली होती. ग्विलिम तिच्यात बसले आणि गेले.

मित्रांनो, त्यानंतर निवडणूक झाली, आणि देश अखेर बाहेर पडला. ग्विलिम पुन्हा उभे राहिले नाहीत. थ्रॉस्बी निवडून आले, पण माझ्याखालच्या टेबलावर ते बसत नाहीत. अदेलिनोला राहायची परवानगी मिळाली, तो आता ईनिडचे गुडघे पाहून तिला जिना चढू देत नाही. खानावळ कधी बंद होईल सांगता येत नाही. मग मलाही भंगारात घालतील. त्याचे मला वाईट वाटत नाही. मी दमले आहे.

मला एवढेच सांगायचे आहे. पितळेवर रंग चढला तर तो खरवडता येतो, तार तुटली तर जोडता येते. शब्द ही वस्तू तशी नाही. मोडलेला शब्द नंतर कितीही खरा करून दाखवला, तरी समोरच्याला त्यावर ओझे टाकायचा धीर होत नाही, आणि ते ओझे मग तिसऱ्याच्याच अंगावर पडते. म्हणून हात द्याल तेव्हा जपून द्या आणि दिलात की घट्ट धरा. आणि घरून बोलावणे आले, तर माझ्यासारख्या कितीही घंटा वाजोत, तुम्ही निघा.

नेस्टा प्रॉसर गुरुवार, चौदा मार्च दोन हजार एकोणीस रोजी संध्याकाळी वेल्समधल्या आपल्या घरी वारल्या. लोवरी जवळ होती. ग्विलिम तेव्हा मतदानाच्या रांगेत उभे होते. मत आणखी वेळ मागण्यासाठी होते, आणि तो प्रस्ताव मंजूर झाला.